लाईट गेली तेव्हा

कुरापाटी सर सांगायचे,
हा खेळ पहिल्यांदा झाला तेव्हा रिंग नव्हती,
पीच नावाच्या फळाची करंडी होती, बुडासकट.
बास्केट झाली की कुणीतरी शिडी लावून वर चढायचं,
चेंडू काढायचं, मग पुढचा खेळ.
सामना सुटला एक–शून्यावर.
आम्ही हसायचो. पीच कुणी बघितलं होतं?
नागमणी म्हणाली, सर, आईचं सूप बांधू का,
विडीची पानं काढून?
सर म्हणाले, बांध की. शिडीवर तूच चढायचं मात्र.

आमच्या रिंगला बूड नव्हतं, जाळीही नव्हती.
अशोक चौकातल्या लोहारानं वाकवलेली सळई,
डावीकडं बोटभर झुकलेली.
बाहेरच्या संघांना ते ठाऊक नसायचं.
फायनलच्या आदल्या रात्री नागमणीच्या वडलांनी,
व्यंकय्यांनी,
चादरीचं उरलेलं सूत घेतलं, लाल आणि मोरपंखी,
पाळी संपल्यावर मागाशेजारीच फतकल मारून
जाळी गाठली.
सकाळी शिडीवर नागमणीच चढली.

माझा घोटा मुरगळलेला,
म्हणून मी टेबलाशी, गुणपत्रक घेऊन.
एक्केचाळीस आम्ही. बेचाळीस नगरच्या मुली.
मे महिना, रात्रीचे साडेनऊ,
मुरूम अजून तव्यासारखा.
चारी बाजूंना कारखाने चालू,
खटक खटक खटक खटक,
जन्मल्यापासून चालू,
म्हणून आम्हाला कधी ऐकूच न आलेले.

चार सेकंद.
शकीलानं रेषेबाहेरून चेंडू टाकला,
नागमणीनं तो छातीशीसुद्धा धरला नाही,
उजव्या कोपऱ्यातून उडाली,
चेंडू हातातून सुटला
आणि लाईट गेली.

आख्ख्या पेठेची.
माग एकेक करून थांबले,
शेवटचा कुठलातरी, लांबचा, दोन ठोके जास्त मारून.
मग सोलापूर इतकं गप्प झालं
की मला माझी पेन्सिल कागदावर टेकलेली ऐकू आली.
आणि वर, अंधारात,

सप्प.

कुणी ओरडलं नाही.
चारशे माणसं, निम्मी विणकर,
कान देऊन उभी.
व्यंकय्या हळूच म्हणाले, "पडिंदी."
तेलुगू न येणाऱ्यांनाही ते कळलं.

साताऱ्याच्या पंचांनी बॅटरी लावली.
चेंडू लिंबाच्या बुडाशी जाऊन बसला होता.
नगरच्या कॅप्टननं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.
"मला दिसलं नाही," पंच म्हणाले,
"न दिसलेलं मला देता येत नाही."
चेंडूच्या हवेवरूनही भांडणारे आमचे सर
त्या रात्री एक शब्द बोलले नाहीत.
मागून कुणीतरी मला ढोसलं,
"काय बघायलालीस बे, लिही की!"
त्रेचाळीसवर तिरपी रेघ, एवढंच काम होतं.
पण मलाही दिसलं नव्हतं.

ते गुणपत्रक माझ्याकडं आहे.
त्रेचाळीसवर रेघ नाही,
पेन्सिल टेकली होती तिथं एक ठिपका आहे.
टीव्हीवर कधी शेवटच्या सेकंदाच्या जगप्रसिद्ध बास्केट दाखवतात,
चेंडू हळूहळू, सात बाजूंनी.
मी बघते. आवाज बंद करून बघते.

परवा नागमणीचा फोन आला, भिवंडीहून.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, खरं सांग.
हसली.
"मी डोळे मिटले होते गं.
आणि हातातून सुटतानाच वाटलं, आखूड पडला.
बाहेरून घासून गेला तरी जाळी तशीच वाजते, माहितंय ना तुला?"

माहीत नव्हतं.
ज्यांना माहीत असतं,
चोवीस मागांच्या गोंगाटात एक धागा तुटलेला
ज्यांना पाठमोरं कळायचं,
त्यांना जाऊन आता अकरा वर्षं झाली.

"पण नाना म्हणाले ना, पडिंदी,"
नागमणी म्हणाली.

मग दोघीही गप्प.
तिच्या मागं कुठंतरी
माग चालू होते.